जाता जाता एक विचारू का, डॉक्टर?

कुणी एसटीत असाल, कुणी भांडी घासत असाल, कुणी झोप येत नाही म्हणून कानात हेडफोन घालून पडला असाल. आज मी बोलणार आहे माझ्या दवाखान्याबद्दल. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी जनरल प्रॅक्टिस आहे. जनरल म्हणजे सर्दीपासून सासूपर्यंत सगळ्या तक्रारी इथेच येतात. पेशंटची ओळख पटू नये म्हणून वयं आणि बारीकसारीक तपशील बदललेत, एवढं आधीच सांगतो.

सुरुवात भाषेपासून करू. आम्ही डॉक्टरकी शिकतो इंग्रजीतून आणि पेशंट आजारी पडतो मराठीतून. ताप असेल तर तो नुसता ताप नसतो. कणकण वेगळी, कसकस वेगळी. पोटात ढवळणं वेगळं, गोळा येणं वेगळं. पाठीत उसण भरते, मान अवघडते, डोकं जड होतं. आणि या सगळ्यांच्या वर एक शब्द आहे, ज्याला कुठल्याच पुस्तकात औषध नाही. "कसंतरीच होतंय."

एका आजोबांना विचारलं, "कुठं दुखतंय?" ते म्हणाले, "काल हितं दुखत हुतं. सकाळी हिकडं सरकलं. आता तुमच्या पायरीवर पाय ठेवला आन् थांबलं. घरी गेलो की परत येतंय बघा." आता बोला! पायरीलाच फी लावावी की काय?

मग येतं सलाईन. आमच्याकडे सलाईन म्हणजे ताकद. "डॉक्टर, लई अशक्तपणा हाय, एक बाटली लावा." मी एकदा एका काकांना हिशोब करून दाखवला. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीलिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. मिठाच्या बाटलीत मीठ असतं साडेचार ग्रॅम, चहाचा एक चमचाही धड भरत नाही. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल, तोंडाने काही ठरत नसेल, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. पण नुसत्या थकव्याला? काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरं मग, साखरेची लावा. मिठाची नको, मला बीपी हाय."

औषधाच्या वेळांचं तर विचारूच नका. "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर" हे आपण किती सहज सांगतो. रोजंदारीवर जाणाऱ्या एक मावशी चार दिवसांनी आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या गोळीपायी मला तिसऱ्यांदा जेवायला लागतंय. मी दोनदाच जेवते." मी हसलो, त्याही हसल्या. पण त्या वाक्यात त्यांचा अख्खा दिवस होता. सकाळी भाकरी, थेट रात्री भाकरी. मग गोळीच अशी शोधली, जी दोनदा घेऊन भागेल. हे मला कुठला रिपोर्ट सांगणार होता?

शुगरवाल्यांची गंमत वेगळी. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड एकदम बंद. चहा बिनसाखरेचा, शिऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. उपाशीपोटीची साखर सुंदर येते आणि चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्याचा आनंद! मग मी एचबीए१सी सांगतो. ही तपासणी मागच्या साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. रिपोर्ट बघून एक काकू नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ना यांना लग्नातल्या जिलेबीचं?" नवरा बिचारा तोवर एक शब्दही बोलला नव्हता.

बीपीचंही तेच. "आता नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली." अहो, गोळी चालू होती म्हणून नॉर्मल आलं! छत्रीखाली आपण भिजत नाही, याचा अर्थ पाऊस थांबला असा होत नाही. आणि वाढलेलं बीपी बऱ्याचदा काही त्रासच देत नाही, त्यामुळे छत्री मिटल्याचं कळतही नाही.

आता तुमच्याकडे वळतो. हो, तुम्हीच, विशी-पंचविशीतले. तुम्ही स्वतः आजारी नसताच मुळी. तुमचा एक "मित्र" असतो.

"डॉक्टर, माझ्या एका मित्राला जरा प्रॉब्लेम आहे."

"वय किती मित्राचं?"

"सव्वीस."

"दुखतं का?"

"हो, बसलं की खूप दुखतं. म्हणजे... त्याला."

मी आजवर एकाही मित्राला बाहेर काढलेलं नाही. मित्राला म्हणावं, खुर्चीत बस, नाहीतर उभा राहा, दुखत असेल तर. मूळव्याध असो, गुप्त जागेची खाज असो, पाळीचा त्रास असो, आमच्यासाठी हे खोकल्यासारखंच आहे. रात्री दोन वाजता मोबाईलला तुम्ही किती मोकळेपणाने सगळं विचारता! तारीख, रंग, वास, सगळं. आणि सकाळी माझ्यासमोर बसलात की म्हणता, "थोडं बरं नाही." अहो, जे मोबाईलला सांगितलं तेच मला सांगा ना. मी निदान तपासू तरी शकतो.

आता खरी गोष्ट. इतक्या वर्षांत एक ओळखलंय, की पेशंट खुर्चीत बसून जे सांगतो ते प्रास्ताविक असतं. मुख्य भाषण दारात होतं. कागद घेतला, चपला घातल्या, एक हात दारावर, आणि मग आवाज खाली येतो. "जाता जाता एक विचारू का, डॉक्टर?" त्या "जाता जाता"मध्ये मला छातीतली गाठ सापडलीय, नवऱ्याची दारू सापडलीय, महिनाभर झोप न लागलेली पोरगी सापडलीय. लोक खोटं बोलत नाहीत हो. लाजतात, घाबरतात, आणि मग विनोद करतात.

डिसेंबरमधला बाजाराचा दिवस होता. पन्नाशीचे एक शेतकरी दादा आले, बरोबर वहिनी, हातात मेथीची पिशवी. दादा उभ्या उभ्याच म्हणाले, "गॅस झालाय. एक इंजेक्शन ठोका, बाजार उरकायचाय." आणि पोटावर हात मारून म्हणाले, "सिलिंडर भरलाय, डॉक्टर!" बाहेरची रांगसुद्धा हसली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या दारातूनच म्हणाल्या, "सकाळी आंघोळ केल्यागत घाम आलता यांना. म्हणत्यात, उन्हाचा."

डिसेंबरात, सकाळी आठ वाजता, कुठलं आलंय ऊन?

ईसीजीला पाच मिनिटंही लागली नाहीत. हार्ट अटॅक होता. लगेच द्यायची ती औषधं दिली, १०८ बोलावली, पुढच्या हॉस्पिटलला फोन केला. स्ट्रेचरवर दादांचं एकच चाललं होतं, "मेथी सुकंल." तीन आठवड्यांनी ते बारीक होऊन आले आणि खुर्चीत नीट बसून म्हणाले, "डॉक्टर, गॅस लई महागात पडला."

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. छातीत दाब किंवा जळजळ, घाम, दम लागणं, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, यातलं काही अचानक झालं तर सोडा पाजत बसू नका. मधुमेह असेल तर कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, बायकांमध्येही कधी कधी नुसता थकवा नाहीतर मळमळ असते. थेट ईसीजी काढा. गॅसच निघाला तर मग आपण सगळे मिळून हसू. गाडी नसेल तर १०८ लावा.

आणि आई-बाबांना दवाखान्यात नेणार असाल, तर तीन कामं करा. एक, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण "ती पांढरी, गोल, छोटी" या वर्णनात अर्धं मेडिकल दुकान बसतं. दोन, काय होतंय ते घरीच दोन ओळीत लिहून घ्या. तीन, सगळ्यात महत्त्वाचं. आत शिरल्यावर त्यांना बोलू द्या, आणि ते काहीतरी हसण्यावारी नेत असतील तर वहिनींसारखं मध्ये बोला. डॉक्टर रागावणार नाहीत. मी तर चहा पाजेन, बिनसाखरेचा.

तर मंडळी, पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की "जाता जाता"वालं वाक्य आल्या आल्या सांगून टाका. आज इतकंच. हा भाग अशा एखाद्याला पाठवा, ज्याचा एक "मित्र" आजारी आहे. काळजी घ्या, भेटू लवकरच!