कणगीत दाणे किती?

तळं निरोगी आहे की नाही हे ठरवायला आपण बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतो. पाणी नितळ आहे ना, आणि मोठा मासा मिळतो ना. या दोन्ही खुणा फसव्या आहेत, एवढंच मला आज सांगायचं आहे, आणि हातात मिनिटं थोडी असली तरी ते मी दोन-तीनदा सांगणार आहे. घरात धान्य किती उरलंय हे ओसरीवर बसलेल्या घरधन्याकडे पाहून कळत नाही. तो धडधाकट दिसतो, आल्यागेल्याची विचारपूस करतो. माजघरातली कणगीही बाहेरून नीट शेणानं लिंपलेली असते. आत हात घातल्यावरच कळतं की दाणे तळाला गेलेत. तळ्यात मोठा मासा म्हणजे तो घरधनी, आणि त्याची कणगी म्हणजे बोटभर लांबीचे छोटे मासे आणि त्यांच्याहूनही लहान जीव.

याचा सगळ्यांत चोख पुरावा कॅनडातून आला. ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात, केनोराच्या परिसरात, १९६८पासून ५८ लहान तळी शास्त्रीय प्रयोगांसाठी राखून ठेवली गेली. ती नंबरानं ओळखली जातात. त्यातलं २२३ नंबरचं तळं जेमतेम २७ हेक्टरांचं. त्या काळी धातू गाळणाऱ्या भट्ट्यांचा आणि कोळशावरच्या वीजकेंद्रांचा गंधकाचा धूर पावसातून आम्ल होऊन उतरत होता, आणि वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत होता. मासा कितव्या सामूला मरतो? तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६पासून आठ वर्षं या तळ्यात थोडं थोडं गंधकाम्ल घातलं. सामू ६.८वरून ५च्या आसपास आला. आकडा छोटा वाटतो, पण सामूचा एक अंक उतरला म्हणजे आम्लता दसपट वाढते, तेव्हा हा फरक साठपटीच्या घरातला आहे.

आता नीट ऐका, कारण माझा मुद्दा इथेच आहे. सामू ६च्या जरा खाली गेला तेव्हा मोठ्या लेक ट्राउटला काहीच झालं नाही. तो पोहत होता, गळालाही लागला असता. पण फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाची नवी पिल्लं दिसेनाशी झाली. हा मासा मुळातच अल्पायुषी, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत त्याची वस्ती ओसरली. खोल, गार पाण्यात मायसिस नावाचा कोळंबीसारखा इवलासा जीव असतो, तोही जवळपास नाहीसा झाला. क्रेफिशचं कवच कात टाकल्यावर पुन्हा कडक होईना. हे दाणे एकेक करून संपले, आणि मग ट्राउट वाळत गेला. प्रयोगाच्या आधीच्या टप्प्यातला भरलेला मासा आणि शेवटाकडचा हाडांवर कातडी ताणलेला मासा, अशी दोन छायाचित्रं या विषयाच्या अभ्यासकांना चांगली माहीत आहेत. त्या ट्राउटला आम्लानं थेट मारलं नाही, त्याची उपासमार झाली. आणि सामू ५ला टेकला तेव्हा तळ्यातल्या एकाही जातीच्या माशाची वीण होत नव्हती. म्हणजे खायचे दाणे संपले, आणि पेरायला राखलेलं बियाणंही गेलं.

कुणी म्हणेल, एक जात गेली की दुसरी तिची जागा घेते, निसर्ग भरपाई करतो. भरपाई झाली खरी. मिनो गेल्यावर पर्ल डेस नावाचा मासा काही काळ वाढला. पण आम्ल वाढत राहिलं तसा तोही कमी झाला. गव्हाच्या जागी ज्वारी आली म्हणून कणगी भरली असं नव्हे, गळती तशीच होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एका तळ्यावरून सगळ्यांचं कसं ठरवायचं, आणि तेही जाणूनबुजून बिघडवलेल्या? उलट मला तर हेच त्याचं मोल वाटतं. पावसानं आम्लधर्मी झालेल्या बहुतेक तळ्यांची आधीची नोंदच कुणी ठेवलेली नव्हती. इथे आम्ल घालण्याआधीच्या नोंदी होत्या, शेजारची न छेडलेली तळी ताडून पाहायला होती, आणि दर वर्षी किती आम्ल गेलं याचा हिशेब होता. प्रयोगशाळेच्या टाकीत माशाला वेळेवर खाऊ घालून तो कितव्या सामूला तगतो हे मोजलं, तर कणगीचा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणूनच ती मोजणी खोटा दिलासा देत होती. आणि नितळपणाचं म्हणाल, तर आम्ल झालेली तळी बऱ्याचदा पूर्वीपेक्षा जास्तच नितळ दिसतात.

वेळ संपत आली, तरी २६० नंबरच्या तळ्याचा उल्लेख करायलाच हवा. तिथे २००१पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम संप्रेरक सोडलं, एका लिटरमागे ग्रॅमच्या एक अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट, इतकंच. नर मिनोंच्या शरीरात अंड्यांचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि त्यांची वस्ती कोसळली. खाणं कमी झालं तसा ट्राउटही पुढे घटला. पुन्हा तेच, आधी छोटा, मग मोठा. संप्रेरक थांबवल्यावर मिनो काही वर्षांत सावरले. २२३मध्येही १९८३नंतर आम्ल कमी करत नेलं आणि काही जातींची वीण पुन्हा सुरू झाली. हे कळलं ते वर्षानुवर्षं मोजत राहिल्यामुळे. तरीही २०१२मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं या तळ्यांवरच्या संशोधन केंद्राचा निधी थांबवायचं जाहीर केलं, आणि २०१४पासून एका स्वतंत्र संस्थेनं ते चालवायला घेतलं. खर्च कशाला, पाणी तर स्वच्छ दिसतंय, असं म्हणणारे तिथेही असणारच. पण मायसिस दिवसा तळाच्या अंधारात असतो. तो आहे की गेला हे पाहायचं तर रात्री होडी काढून जाळं खोल सोडावं लागतं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा.