वजनकाट्याला न दिसणारा लठ्ठपणा

(निगडी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लठ्ठपणा हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येते ती सुखवस्तू गृहस्थाची सुटलेली ढेरी. ग्रामपंचायतीच्या बैठकीत कुपोषणाचा विषय निघतो. लठ्ठपणाचा सहसा निघत नाही. तो शहराचा, पैसेवाल्यांचा आणि खवय्यांचा प्रश्न समजला जातो. एका बाजूला हाडांचा सापळा झालेले बालक आणि दुसऱ्या बाजूला स्थूल व्यापारी, अशी ही दोन टोके आपण मनाशी पक्की धरून ठेवलेली असतात. ही दोन्ही टोके एकाच माणसाच्या शरीरात, किंबहुना एकाच नवजात अर्भकाच्या शरीरात एकत्र नांदू शकतात, हे दाखवून देणारे संशोधन पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत झाले आणि त्याची दखल पुढे साऱ्या वैद्यकीय जगाने घेतली. आजचे विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

निगडी हे या विषयाची चर्चा करण्यास योग्य ठिकाण आहे. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. आणि एका पिढीच्या आत ज्वारी-बाजरीच्या शिवारांच्या जागी कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. आज सकाळी भक्ती-शक्ती चौकात उभे राहिले तर तळवडे, चाकणकडे कामगारांना नेणाऱ्या बसगाड्यांची रीघ दिसते. त्या गाड्यांत बसलेल्या तरुणांपैकी अनेकांच्या आया आयुष्यभर शेतात राबल्या, विहिरीवरून पाणी वाहत आल्या. त्यांचे मुलगे आठ तास यंत्राजवळ उभे असतात किंवा खुर्चीवर बसलेले असतात, पाळीप्रमाणे जेवतात आणि पाळीप्रमाणे झोपतात. अशा एखाद्या तरुणाची कारखान्यात वैद्यकीय तपासणी होते. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. तक्त्याप्रमाणे सर्व काही ठीक. रक्तातील साखर मात्र वाढलेली! घरी कोणाचा विश्वास बसत नाही, कारण मुलगा तर अंगाने सडपातळ असतो.

हा तक्ता म्हणजे काय, ते आधी पाहू. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणितज्ञ केटले यांचे. त्याला हे नाव मात्र १९७२ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिले. १८.५ पेक्षा कमी म्हणजे कृश, २५ पेक्षा अधिक म्हणजे वजनदार, अशी त्याची जगभरची मोजणी आहे. साधन सोयीचे आहे, स्वस्त आहे. पण त्याला मांस आणि चरबी यांतील फरक कळत नाही. आडते धान्याचे पोते तोलतात, पण आत गहू किती आणि खडे किती हे काटा सांगत नाही, तशातलाच हा प्रकार.

या उणिवेचे एक मासलेवाईक उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह प्रसिद्ध झाले. छायाचित्रात शेजारी शेजारी दोन डॉक्टर आहेत : पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही निर्देशांक अगदी तंतोतंत २२.३. परंतु शरीरातील चरबीचे मोजमाप केले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. संशोधकाने स्वतःच्याच शरीराचा दाखला द्यावा, ही गोष्ट आपल्याकडे विरळाच.

चरबीचे प्रमाण एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर चयापचयात आहे. अन्नाचे पचन होऊन साखर रक्तात उतरली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि त्याच्या साहाय्याने ती साखर पेशींमध्ये शिरते. या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी असतील तर साखर साठवण्याची कोठारेच लहान राहतात. दुसरीकडे पोटातील आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात, यकृतात चरबी साचू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. मग तेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन गाळावे लागते. वर्षानुवर्षे असे राबून स्वादुपिंड थकले, की मधुमेह प्रकट होतो. अर्थात चरबी किती, याइतकेच ती कोठे आहे यालाही महत्त्व आहे. मांडीवरची चरबी तेवढी उपद्रवी नसते, पोटातील असते.

आता त्या सहा खेड्यांकडे वळू. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात असा विचार मांडला, की हृदयविकार व मधुमेह यांची बीजे गर्भावस्थेत रुजतात. आईच्या पोटात ज्याची उपासमार झाली त्याचे शरीर काटकसरीला सरावते आणि पुढे सुबत्ता आली की तेच शरीर बिघडते. भारतात कमी वजनाची बालके विपुल आणि मधुमेहही विपुल. तेव्हा ही कल्पना पारखून पाहण्यास भारतासारखी भूमी दुसरी नव्हती. १९९३ साली के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने साऊदॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने पुणे माता पोषण अभ्यास सुरू केला. विवाहित तरुणींची गर्भधारणेपूर्वीच मोजमापे घेण्यात आली, गर्भारपणात त्या काय खातात व कोणते कष्ट करतात याची नोंद झाली आणि बाळ जन्मताच त्याचे वजन, उंची, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेची चिमटीत धरलेली घडी, असे सर्व काही मोजण्यात आले. खेड्यापाड्यांतून, रात्री-अपरात्री होणाऱ्या प्रसूतींच्या वेळी हे काम करणे किती जिकिरीचे असेल, हे ज्यांनी आरोग्य केंद्रात काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

या मातांची उंची सरासरी १५२ सेंटिमीटरच्या आसपास आणि गर्भधारणेपूर्वीचे वजन सुमारे ४२ किलो होते. आहार दिवसाला पावणेदोन हजार कॅलरींच्या आसपास आणि प्रथिने ४५ ग्रॅम. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या ६३१ बालकांची तुलना साऊदॅम्प्टनच्या ३३८ बालकांशी करण्यात आली. तिकडचे बाळ साडेतीन किलोंचे, इकडचे २.७ किलोंचे. इथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे. पुण्याची बालके सर्वच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हती. दंडाचा घेर, म्हणजे स्नायू, फार कमी होते. पोटाचा घेर, म्हणजे यकृतादी इंद्रियांचा आकार, सर्वांत कमी होता. आणि पाठीवरील चरबीची घडी मात्र तिकडच्या बाळांच्या जवळपास पोचत होती. गर्भाने स्नायूंवर पाणी सोडले होते आणि चरबी राखली होती. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा अशा बालकाला 'कृश पण मेदयुक्त' अशी संज्ञा मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी पुणे व लंडन येथील बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली होती. त्यात पुण्याच्या बालकांत इन्सुलिन अधिक आढळले होते. मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवरचे पहिले पाऊल जन्माच्या आधीच पडलेले असते, असा याचा अर्थ.

ही मुले मोठी होत गेली आणि संशोधकांनी त्यांना सोडले नाही. वयाच्या १८ व्या वर्षी तपासणी झाली तेव्हा त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मी कृश होती, म्हणजे निर्देशांक १८.५ पेक्षा कमी; आणि तरीही ३७ टक्के तरुणांत व १८ टक्के तरुणींत रक्तातील साखर मधुमेहपूर्व अवस्थेपर्यंत चढलेली होती. ज्यांची साखर अठराव्या वर्षी चढलेली आढळली, त्यांची ती सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा अधिक होती. बसमधल्या त्या सडपातळ कामगाराचे कोडे येथे उलगडते.

केवळ पोटभर अन्न दिले म्हणजे हा प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अभ्यासाने येथेही वेगळीच गोष्ट पुढे आणली. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव व त्यांचे सहकारी यांनी ७९७ गरोदर मातांच्या आहाराचे विश्लेषण केले. बाळाच्या आकाराचा संबंध एकूण कॅलरी किंवा प्रथिने यांच्याशी फारसा लागला नाही. तो लागला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला या वस्तू आपल्या बांधावर उगवतात, आणि घरच्या ताटात सुनेच्या वाट्याला शेवटी येतात. आणखी एक निष्कर्ष ग्रामपंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे : गर्भारपणात शेतकाम व पाणी वाहणे यांसारखे जड कष्ट ज्यांना अधिक पडले, त्यांची बाळे लहान निघाली. म्हणजे नळाचे पाणी घराच्या दाराशी आणणे हा बाळाच्या पोषणाचाही भाग झाला. पाणीपुरवठ्याच्या ठरावात ही बाब कोणी लिहीत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा धागा ब-१२ जीवनसत्त्वाचा. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. पुण्याच्या ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते, आणि सर्वांत वाईट स्थिती सुशिक्षित मध्यमवर्गाची होती, ८१ टक्के! सहा खेड्यांतील मातांपैकीही सुमारे दोनतृतीयांशांत ते कमीच होते. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा अवरोध सर्वाधिक आढळला. यावरून कोणी गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या लोह व फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. रक्तक्षय व बाळातील जन्मजात व्यंगे टाळण्यासाठी त्या आवश्यकच आहेत. उणीव आहे ती त्यांच्या जोडीला लागणाऱ्या ब-१२ची, आणि ती वाटीभर दह्याने भरून निघण्यास सुरुवात होते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ सालापासून झालेला प्रयोगही येथे सांगण्याजोगा आहे. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून देण्यात आला. दुसऱ्या गटाला ही जिन्नसे फारशी नसलेला खाऊ. बाळांच्या वजनात सरासरी वाढ झाली ती अवघी २६ ग्रॅम. एवढ्यावर थांबले असते तर प्रयोग फसला असे कोणीही म्हटले असते. पण गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण पाहिले तेव्हा दुसऱ्या गटात ते १२.४ टक्के, तर पालेभाज्यांच्या गटात ७.३ टक्के निघाले. वजनकाट्याने न सांगितलेली गोष्ट रक्ताने सांगितली.

देशाची स्थितीही याच दिशेची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या. दोन्ही संकटे एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर पोटाच्या लठ्ठपणाचे ३९.५ टक्के होते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी निराळे निकष सुचविले : निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे, आणि कमरेचा घेर पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा. शिंप्याकडील फीत या कामी पुरेशी आहे. कारखान्यातील तपासणीत आणि गावातील आरोग्य शिबिरात वजनाबरोबर कमरेचा घेर नोंदविण्यास कसलाही खर्च पडत नाही.

गर्भधारणा झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव नोंदवून सुरू होणारा आहार पुष्कळदा उशिरा पोचतो, हेही या सर्व अभ्यासांतून दिसते. आठवी-नववीच्या वर्गातील मुलगी हीच या कामाची खरी सुरुवात आहे. तिची उंची-वजनाची नोंद, तिच्या डब्यातील पालेभाजी, तिचे लग्न लवकर न होणे, या गोष्टी शिक्षकाच्या व सरपंचाच्या आवाक्यातल्या आहेत.

त्या सहा खेड्यांत काम थांबलेले नाही. १९९३ नंतरच्या अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना २०१२ पासून, म्हणजे ती स्वतः आईबाप होण्यापूर्वीच, रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग झाला. काहींना त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्येही देण्यात आली. ब-१२ घेतलेल्या मातांची मुले दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांची समज व भाषा अधिक चांगली असल्याचे आढळले. ज्या बाळांच्या दंडाचा घेर तेव्हा मोजला गेला होता, त्यांच्याच बाळांचा घेर आता मोजला गेला आहे.