भावा, आधी तुझी तपासणी

आपल्या मसुऱ्यातली आंगणेवाडीची जत्रा. भराडीदेवीच्या रांगेत नवी सून दिसली की प्रश्न ठरलेला, ‘काय गो, गोड बातमी कधी?’ नवऱ्याला कोणी विचारत नाही. तो बाजूला मोबाइलवर.

आज त्याच्याशीच बोलूया. भावा, वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे दोघांनी जायचं. ती पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. तुझी वीर्यतपासणी सोपी आहे: २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, बस. तिच्या तपासण्या जास्त त्रासाच्या, तरी सुरुवात तिच्यापासून. मला हे पटतच नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आयव्हीएफच्या आदल्या आठवड्यात गुटखा सोडून फारसा उपयोग नाही. तंबाखू, दारू तीन महिने आधी बंद. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर घ्यायचीच नाहीत, त्यांनी शुक्राणू बनणंच थांबू शकतं. तिनेही डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करावं.

नवस बोला, खुशाल बोला. पण क्लिनिकची २०२१च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.