जोडीचा सर्व्हर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कारखान्यांत कंट्रोल सिस्टिमचं काम करतोस म्हणजे नक्की काय करतोस, ते सगळ्यांना कळेल असं सांग." वेळ थोडा आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. एक सर्व्हर बंद पडला की दुसऱ्यानं काम कसं हाती घ्यायचं? आमच्या धंद्यात याला फेलओव्हर म्हणतात.

साखर कारखाना आपल्या अकोल्यात सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. तिथला बॉयलर डोळ्यांसमोर आणा. यंत्रापाशी पीएलसी नावाचा कंट्रोलर असतो. तो सेन्सरकडून आकडे घेतो आणि व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. त्याच्या वर सर्व्हर असतो. तो सगळे आकडे पडद्यावर दाखवतो, अलार्म देतो, ऑपरेटरचा हुकूम खाली पोचवतो. सर्व्हर गेला म्हणून कारखाना त्या क्षणी थांबत नाही, पीएलसी आपलं काम करत राहतो. पण ऑपरेटरचे डोळे जातात. ड्रममधली पाण्याची पातळी उतरू लागली आणि ते वेळेवर कुणाला दिसलं नाही, तर काय होऊ शकतं हे बॉयलरवर काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून सर्व्हर दोन ठेवतात. एक मुख्य, दुसरा राखीव. मुख्य सर्व्हर दर काही क्षणांनी राखीवला "मी आहे" असा इशारा देत असतो. त्याला हार्टबीट म्हणतात. ठरावीक वेळ तो आला नाही, की राखीव सर्व्हर कारभार हाती घेतो. ऐकायला सोपं आहे. घोळ होतात ते तीन ठिकाणी.

पहिलं, माहिती. आपल्या वेळी बदली सर वर्गावर आले की पहिला प्रश्न विचारायचे, "धडा कुठपर्यंत झालाय?" आणि आपण मागचाच धडा सांगायचो! राखीव सर्व्हरचं असं होऊन चालत नाही. कोणता पंप चालू, कोणता अलार्म आलेला, कोणता आकडा नुकताच बदलला, हे त्याला आधीपासून माहीत हवं. म्हणून दोघांतली माहिती सतत जुळवत राहावी लागते.

दुसरं, दोन मालक. समजा दोन्ही सर्व्हर ठणठणीत आहेत, फक्त त्यांच्यामधली केबल तुटली. राखीवला वाटतं, मुख्य गेला. तो स्वतः मुख्य होतो. आता दोघंही हुकूम सोडणार. शाळेत दोन शिपायांनी दोन वेगळ्या वेळी सुट्टीची घंटा दिली तर जे होईल, तेच. आपल्या तालुक्यातला घाटघरचा प्रकल्प घ्या. १२५ मेगावॅटचे दोन संच, मिळून २५० मेगावॅट. तीच यंत्रं कधी पाणी खाली सोडून वीज करतात, तर कधी खालचं पाणी वर चढवतात. तिथली यंत्रणा मी हाताळलेली नाही, पण अशा कुठल्याही ठिकाणी दोन मालक परवडत नाहीत, हे तुम्हीही सांगाल. यावर उपाय म्हणजे हार्टबीटसाठी दोन वेगळ्या वाटा ठेवायच्या आणि शक्य तिथे निवाडा करायला तिसरा पंच ठेवायचा. इशाऱ्याची वाट किती वेळ पाहायची, हेही तोलून ठरवावं लागतं. फार कमी ठेवली तर उगाच अदलाबदल होते, फार जास्त ठेवली तर मधल्या वेळात कुणीच मालक नसतो.

तिसरं ठिकाण सर्वांत फसवं, ते म्हणजे जोडी आहे हा भरवसा. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलेली माहिती अशी होती, की कळवा-पडघा वाहिनीचं एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. ती गोष्ट विजेच्या तारांची, सर्व्हरची नव्हे. पण धडा तोच. जोडीतला एक दुरुस्तीला गेला, की तेवढा वेळ आपल्याकडे जोडी नसते.

एका कारखान्यात, नाव सांगत नाही, मी तपासणीला गेलो होतो. दोन उत्तम सर्व्हर होते, दोन्हींवर हिरवे दिवे. मागे जाऊन पाहिलं तर दोघांच्या वायरी एकाच यूपीएसला लावलेल्या. यूपीएस गेला की दोघंही एकदम गेले असते. आणि राखीव सर्व्हरवर कारभार सोपवून पाहिल्याची शेवटची नोंद विचारली, तर तशी नोंदच नव्हती.

म्हणून माझा आग्रह असतो, की बॉयलरचं अग्निप्रदीपन होण्याआधी, ऑफ सीझनमध्येच, मुख्य सर्व्हरची वायर खरोखर काढून पाहा. पडद्यावरचं बटण दाबून केलेली अदलाबदल ही सभ्य अदलाबदल असते. बिघाड तसा सांगून येत नाही. राखीववर पूर्ण एक पाळी कारखाना चालवा, मग परत मुख्यवर या. किती सेकंद लागले, कोणता अलार्म हरवला, ते वहीत लिहा. व्यवस्थापन म्हणतं, "चालू आहे ते कशाला बंद करता?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: आज आपण बंद केलं तर दिवसाउजेडी, सगळे हजर असताना बंद होईल. ते स्वतःहून बंद पडलं तर रात्री तीनला, ऐन हंगामात पडेल.

शेवटी एक सांगतो. कारखान्यात सर्व्हरला जोडी मिळते, माणसाला मिळत नाही. सगळी यंत्रणा डोक्यात असलेला एखादा जुना ऑपरेटर किंवा फिटर असतो. तो निवृत्त होतो आणि त्याच्यासोबत सगळं निघून जातं. आपल्यापैकी कितीतरी जण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. कुणी दवाखान्यात, कुणी सोसायटीत, कुणी शेतावर, तुमच्या हातातलं काम दुसऱ्या कुणाला येतं का? नुसतं शेजारी उभं करून ते येत नाही. त्याच्या हाती एक दिवस पूर्ण कारभार द्यावा लागतो, आणि आपण गप्प बसून पाहावं लागतं.

समोर बसलेल्या आमच्या सरांनी आणि बाईंनी आपल्याला फळ्यापाशी उभं करून, हातात खडू देऊन हेच केलं होतं. त्यांना नमस्कार करतो आणि थांबतो.