समावून घेणारे तुम्ही कोण?

(एका विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रे विद्याशाखेच्या अध्यापक परिषदेत, समारोपाच्या सत्रात केलेलं भाषण)



दोन दिवस ही परिषद चाललीय. विषय : संशोधन, अध्यापन आणि समावेशन. संशोधनाला अख्खा कालचा दिवस. अध्यापनाला आजची सकाळ. समावेशनाला चहानंतरचा पाऊण तास, त्यातली पाच मिनिटं माझी. निम्मा हॉल प्रवासभत्त्याचे फॉर्म भरतोय. भरा. कान तर मोकळे आहेत ना?

मी तासिका तत्त्वावरचा मास्तर. इथं सहावं वर्ष. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही दिवाळीचे शिमग्याला. उन्हाळ्यात काहीच नाही. नेट आहे, पीएच. डी. आहे. तरी गाईड होता येत नाही, कारण मी कायम नाही. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावाखाली 'प्राध्यापक' छापलंय. सहा वर्षांत मिळालेली ही एकच बढती, तीही छापखान्यानं दिलेली.

आता संशोधन. काल दिवसभर दलित वस्त्यांवरचे निबंध ऐकले. तक्ते होते, टक्केवारी होती. त्या टक्केवारीत कुठंतरी माझी आय आहे. मी अकरावीत असताना आमच्या माणदेशातल्या वस्तीत एक संशोधक आला. आयनं त्याला गुळाचा चहा दिला. त्यानं घेतला, माणूस वाईट नव्हता. दोन तास ती बोलली. दुष्काळात रोजगार हमीवर खडी कशी फोडली, पाण्यासाठी कुणाकुणाच्या दारात उभं राहावं लागलं, सगळं. पुढं तो प्रबंध मला ग्रंथालयात सापडला. आय तिथं 'प्रतिसादक क्रमांक 14' होती. तिची वाक्यं धुऊनपुसून शुद्ध केलेली, शिव्या गाळलेल्या. त्याला पदवी मिळाली, नोकरी लागली. लागू दे. पण आयनं मला विचारलं, "त्या सायबानं लिवलं का रं आपल्या पाण्याचं?" लिहिलं होतं. तक्ता क्रमांक सातमध्ये. नळ मात्र अजून वस्तीच्या अलीकडंच थांबलाय.

पाण्याचं निघालं म्हणून सांगतो. 1918 साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. स्टाफ रूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यानं हात लावू नये म्हणून काही सहकारी कुरकुरले. कुरकुरणारे अडाणी नव्हते, अध्यापकच होते. आज माठ गेला, कूलर आला. आता माठाचं काम कागद करतो.

तो कागद म्हणजे बिंदुनामावली. 5 मार्च 2018 ला विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्र निघालं : आरक्षण मोजताना सबंध विद्यापीठ धरू नका, एकेक विभाग धरा. केंद्राच्या हिशेबात अनुसूचित जातीची पाळी सातव्या जागेला, जमातीची चौदाव्या. विभागात जागाच सहा असल्या तर? दलित बाहेर. तेरा असल्या तरी आदिवासी बाहेर. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. नुसतं मोजायचं माप बदललं. पोरं आणि मास्तर रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठं मार्च 2019 मध्ये वटहुकूम निघाला. त्याच वर्षी कायदा झाला आणि केंद्रीय संस्थांत सबंध संस्था हेच माप ठरलं.

पण कायद्यानं जागा ठरते, भरत नाही. मुलाखतीला बोलवायचं आणि 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारायचा, ही दुसरी गाळणी. तो शेरा मी दोनदा खाल्लाय. कायम जागेसाठी मी योग्य नाही. त्याच विभागातल्या त्याच पोरांना आठवड्याला नऊ तास शिकवायला मात्र योग्य आहे!

अध्यापनाचंही ऐका. भरल्या वर्गात "स्कॉलरशिपवाले हात वर करा" म्हणणारे इथं बसलेत. मागच्या बाकावरची पोरगी हात वर करत नाही. फॉर्म बुडतो, फी थकते, परीक्षेचा अर्ज अडतो. तुमच्या नोंदवहीत तिचं नाव 'गळती'. अरे, गळायला ती काय झाडाचं पान आहे? हलवलं कुणी, ते लिहा की.

आणि हा 'समावेशन' शब्दही तपासा. समावून घ्यायचं म्हणजे घर तुमचं, आम्ही पाहुणे. 1882 साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी मांडलंच होतं : सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्या पैशावर शिकतात वरचे. ही इमारतही राबणाऱ्यांच्या पैशावर उभी आहे. मग समावून घेणारे तुम्ही कोण?

आता गोड गोड ठराव येतील. त्यांत माझे चार घाला. प्रत्येक विभागाची बिंदुनामावली दाराबाहेर लावा, रिकाम्या जागांसकट. 'योग्य नाही' म्हणालात तर गुण आणि कारण लेखी द्या. स्कॉलरशिपची चौकशी भर वर्गात बंद करा. आणि वस्तीवर लिहिलेला प्रबंध वस्तीत जाऊन, वस्तीच्या भाषेत वाचून दाखवा. माझी आय तो तपासेल. तिच्याइतका कडक परीक्षक तुम्हाला मिळायचा नाही.

येत्या जूनमध्ये मला तास मिळतील की नाही, हे या पाच मिनिटांवर ठरेल. ठाऊक आहे मला. घरी सांगूनच आलोय. आय म्हणाली, "बोल तू. खडी फोडाय मला आजून येती."

जय भीम.