सरकारी दप्तर आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा होती. परंतु अलीकडे समाजातील पालक माझ्याकडे येतात ते मुलांच्या गुणांची विचारपूस करण्यास नव्हे, तर आजोबांच्या जातीची जुनी नोंद कोठे सापडेल हे विचारण्यास. म्हणून आजचा विषय मी थोडा वळवून घेतला आहे. सरकारी दप्तर कोणाचे, आणि ते उघडून पाहण्याचा अधिकार कोणाला?

आपण पुण्यात राहतो, आणि या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यातच आहे. ते म्हणजे पेशवे दप्तर. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि राज्यकारभाराचे कागद इंग्रजांच्या हाती गेले. कापडात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल आणि पुढे त्यांत जमा झालेल्या इंग्रजी फायली मिळून हा संग्रह तीस हजार गाठोड्यांच्या पलीकडे जातो. इंग्रजांनी तो जपला, याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. पण जपला कशासाठी? मुख्यतः इनामे व वतने खरी की खोटी हे ठरविण्यासाठी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. दप्तर सरकारच्या ताब्यात, तपासणारा सरकारचा आणि निवाडा करणाराही सरकारचाच. इनामदाराच्या हाती मात्र देवघरातल्या पेटीतला एखादा जीर्ण कागद!

अभ्यासकांची गत याहून फारशी निराळी नव्हती. ग्रँट डफ हा कंपनीचा अधिकारी, त्याला जुने कागद पाहावयास मिळाले आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६८ च्या सुमारास त्या ग्रंथावर परखड टीका केली, परंतु मूळ दप्तर काही सामान्य अभ्यासकाला खुले झाले नाही. गणेश चिमणाजी वाड यांस परवानगीने रोजकीर्दींतील उतारे घेता आले आणि त्यांवर न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो अपवादच म्हणावा लागेल. राजवाडे तर गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करीत राहिले. त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळ आणि सरकारी दप्तर एकाच शहरात, तरी मधली भिंत कायम! अखेर १९२९ साली रियासतकार सरदेसाई यांची नेमणूक झाली, सर जदुनाथ सरकार यांचे साहाय्य त्यांना लाभले आणि पुढील काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ भाग बाहेर पडले. पेशवाई बुडून तोवर १११ वर्षे लोटली होती. या काळात आपल्याच पूर्वजांविषयी आपण जे बोललो, ते बहुतांशी दुसऱ्याने वाचून सांगितलेल्या कागदांवर विसंबून बोललो.

कोणी म्हणेल, परक्या राज्यात असेच व्हावयाचे. पण स्वीडन देशाने सरकारी कागद पाहण्याचा हक्क १७६६ सालीच कायद्याने मान्य केला. त्या वेळी पुण्यात थोरले माधवराव कारभार पाहत होते. आणि आपण? स्वातंत्र्य मिळाल्यावरही १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा तसाच राहिला. महाराष्ट्राने २००२ साली माहितीचा कायदा केला. त्यासाठी अण्णा हजारे यांना वारंवार आंदोलने करावी लागली. पुढे केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी पहिला अर्ज पुण्यातील एका पोलीस ठाण्यात शाहिद रझा बर्नी यांनी दिला, ही पुणेकरांस अभिमानाची गोष्ट आहे. किंमत मोजणारेही याच जिल्ह्यातले. तळेगाव दाभाडे येथे जमिनींच्या व्यवहारांचे कागद मागणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली.

या कायद्यातील एक वाक्य मला फार आवडत असे. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता. सामान्य नागरिकास आमदाराच्या पंक्तीस बसविणारे असे दुसरे वाक्य मला तरी ठाऊक नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली जो कायदा झाला, त्याने ते वाक्य वगळले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. आता केवळ 'ही व्यक्तिगत माहिती आहे' एवढे म्हणून नकार देता येतो. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देण्याची सोय ८ व्या कलमात अद्याप आहे, पण ते हित सिद्ध कोण करणार? विधिमंडळाने स्वतःच्या विशेषाधिकाराची मात्र उत्तम काळजी घेतली आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांबाबत बहुतेक अपवाद गळून पडतात, परंतु राष्ट्राची सुरक्षितता, मंत्रिमंडळाचे कागद आणि विधिमंडळाचा विशेषाधिकार ही तीन दारे तेव्हाही बंदच राहतात. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्याबद्दल आहे. आपणच निवडून दिलेल्या सभागृहाला आपल्यापासून इतके झाकून ठेवण्याचे प्रयोजन मला तरी उमगत नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. जातीचा दाखला पडताळताना अनुसूचित जाती-जमातींस १९५० ची, विमुक्त व भटक्यांस १९६१ ची आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ ची मर्यादा लागते. त्यापूर्वीचा पुरावा असतो कोठे? शाळेच्या जनरल रजिस्टरात, गाव नमुना १४ मध्ये म्हणजे कोतवाल बुकात, जुन्या खरेदीखतांत. मी चाळीस वर्षे शाळेत काढली. जनरल रजिस्टर म्हणजे काय वस्तू असते, हे मला ठाऊक आहे. फुटलेली पाठ, उडालेली शाई, आणि हेडमास्तरांच्या बदलीबरोबर हरवलेली कपाटाची किल्ली! आपल्यातील एका विधवा भगिनीस सासऱ्यांच्या नोंदीसाठी एका शाळेने 'रजिस्टर वाळवीने खाल्ले' असे तोंडी सांगितले. तिने लेखी उत्तर मागताच ते रजिस्टर सापडले, आणि वाळवीचा त्यात मागमूस नव्हता! माहिती नाकारण्याची कारणे कायद्यात मोजून दिली आहेत. 'सापडत नाही' हे त्यांत नाही, एवढे प्रत्येकाने पाठ करून ठेवावे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, मग अपील. तोंडी उत्तर घेऊन घरी परतू नये.

आणखी एक अडचण. कागद मिळाला तरी तो वाचणार कोण? २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते आपण पाहिले. कोणत्या समाजास काय मिळावे, या वादात मी येथे शिरत नाही. पण पणजोबांची सही नातवाला चित्रासारखी दिसावी, ही स्थिती काही भूषणावह नव्हे.

पुणे महापालिकेने २००९ मध्ये दर सोमवारी दुपारी नागरिकांस फायली पाहू देण्याची प्रथा सुरू केली, आणि २०१८ साली राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर कार्यालयांसही तसे सांगितले. आपल्या तरुणांपैकी किती जण कधी गेले? मी तीन वेळा गेलो. एका खेपेस त्या खोलीत मी आणि शिपाई असे दोघेच होतो, आणि त्याने मला चहा पाजला.

शेवटी मंडळाविषयी थोडे बोलतो. कार्यकारिणीने राग मानू नये. आपले मंडळ नोंदणीकृत आहे. त्याची इतिवृत्ते, देणगीच्या पावत्या, वसतिगृहाच्या जागेचे कागद हे सारे एका कपाटात आहे, आणि त्याची किल्ली एका गृहस्थांकडे. ते सज्जन आहेत, याबद्दल दुमत नाही. तथापि पुढील वार्षिक सभेपूर्वी पंधरा दिवस ही कागदपत्रे सभासदांस पाहण्यासाठी कार्यालयात ठेवावीत, असा ठराव मी आज लेखी दिला आहे. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. आणि मोडीचा वर्ग दर रविवारी सकाळी आठ वाजता याच सभागृहात सुरू करीत आहे. माझी मोडी बेताचीच आहे, परंतु बाराखडी गिरविण्यापुरती ती पुरेल. येणाऱ्यांनी बोरू आणू नये, साधे पेन चालेल. घरातला एखादा जुना कागद मात्र अवश्य आणावा.