मासळीचा भाव आणि दर्याचे पंचांग

आषाढी अमावास्या जवळ आली की मुंबईच्या मासळीबाजारात एक दृश्य हमखास दिसते. ओट्यांवर मासळी बेताची, आणि गिऱ्हाईक मात्र नेहमीच्या दुप्पट. कोळीण भाव सांगते. समोरचा गृहस्थ चमकतो, मागच्या दिवाळीतल्या भावाची आठवण काढतो, दोन पावले पुढे जातो आणि मुकाट्याने परत येऊन तीच जोडी पिशवीत घालतो. उद्यापासून श्रावण लागणार असतो. पुढे पंधराच दिवसांनी नारळी पौर्णिमा येते. आता ओटे ओल्या कोळंबीने भरलेले असतात, पण अर्ध्या शहराने सामिष वर्ज्य केलेले असते. कोळीण स्वतःहून हाक मारते, आणि सांगितलेल्या भावातून थोडे कमी करायलाही तयार होते.

बाजार तोच, ओटा तोच, विकणारीही तीच. पंधरा दिवसांत भाव फिरला, याचे कारण मासळीच्या भावामागे एक नव्हे, तर दोन पंचांगे असतात. एक दर्याचे आणि दुसरे स्वयंपाकघराचे. ही दोन्ही ज्याला वाचता येतात, त्याला मासळी स्वस्तही मिळते आणि चांगलीही मिळते.

दर्याच्या पंचांगात वर्षाचा आरंभ पावसाळ्यापासून धरावा लागतो. नैर्ऋत्येचा वारा सुटला की कोकण किनाऱ्यावरचा समुद्र खवळतो. पूर्वी या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांवर झापांचे छप्पर घालीत, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून त्या पाण्यात लोटीत नसत. कित्येक जातींच्या माशांचा अंडी घालण्याचा काळही हाच असल्यामुळे, त्या रूढीने मासळीच्या बियाण्याचे आपोआप रक्षण होई. यंत्राच्या नौका आल्या, वाऱ्याचे भय कमी झाले आणि रूढीचे काम कायद्याला करावे लागले. महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. गेल्या काही वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याची पद्धत पडली आहे.

मग जुलै महिन्यात मुंबईच्या किंवा मडगावच्या बाजारात सुरमई दिसते, ती कोठून येते? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. कोकणातील होड्या किनाऱ्यावर असतात, त्या वेळी आंध्र आणि ओडिशाच्या होड्या समुद्रात असतात. तिकडची मासळी बर्फात घालून सबंध द्वीपकल्प ओलांडून इकडे येते. काही माल शीतगृहातून निघालेला असतो. त्या दिवसांच्या भावात मासळीपेक्षा बर्फ, डिझेल आणि वाटेतली नासधूस यांचाच वाटा मोठा असतो. लांबचा प्रवास आणि अवेळची मागणी यांतून गैरप्रकाराचे भयही उत्पन्न होते. २०१८ च्या जुलै महिन्यात, बाहेरून येणाऱ्या मासळीला फॉर्मॅलिन लावले जाते अशा संशयाने गोव्यात मोठी खळबळ उडाली होती, आणि सरकारला परराज्यांतील मासळीची आवक काही दिवस थांबवावी लागली होती.

बंदी उठली की पहिला मान कोळंबीचा. ऑगस्ट-सप्टेंबरात तिची आवक भरपूर असते. त्याच सुमारास पापलेट येऊ लागते. आश्विन-कार्तिकात बांगड्यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. मालवणच्या बाजूला रापण लावली म्हणजे जाळ्याचे दोन्ही दोर ओढायला माणसांच्या रांगा लागतात. आणि थवा मोठा सापडला, तर सकाळी महाग असलेला बांगडा दुपारी वाट्यावर विकावा लागतो. सुरमई थंडीच्या दिवसांत चांगली मिळते. बोंबलाचा भरही पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंत असतो. बोंबलाला पाणी फार आणि आयुष्य थोडे. म्हणून ज्या गावी तो उतरतो तेथे तो स्वस्त, आणि दोन जिल्हे ओलांडताच दुर्मीळ.

ऋतूच्या या मोठ्या चक्रात चंद्राचे एक लहान चक्र फिरत असते. मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर बोंबील, जवळा यांसाठी डोल लावतात. हे पिशवीसारखे जाळे एका जागी बांधलेले असते. मासा पाण्याच्या ओढीबरोबर त्यात येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची असते, म्हणून जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस आले की पाणी मंदावते, आणि जाळीही हलकी निघतात. जुन्या गृहिणी तिथी पाहून बाजारास जात, त्यामागे हा अनुभव होता.

कवचाच्या जिवांचे वेळापत्रक आणखी वेगळे. तिसऱ्या, खुबे आणि कालवे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीत आणि खडकांवर मिळतात. ती गोळा करण्याचे काम बहुतांशी बायकाच करतात. त्यांना होडी लागत नाही, डिझेल लागत नाही; लागते ते कंबरेचे आणि गुडघ्यांचे बळ. उन्हाळ्यात हे जिन्नस विपुल असतात. पावसात खाडीला गोडे पाणी येते, किनाऱ्यावरची घाण वाहून येते, आणि पाणी गाळून अन्न घेणारा हा जीव ती घाणही पोटात घेतो. म्हणून त्या दिवसांत शिंपल्यांचा मोह आवरलेला बरा. पावसाळ्यात बाजाराला आधार असतो तो खाडीतल्या खेकड्यांचा आणि नदीच्या मासळीचा. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे कोकणात आवडीने पकडतात. मात्र त्यांच्या पोटी गाभोळी असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्वयंपाकघराचे पंचांग याहून सोपे, पण भावावर त्याची सत्ता कमी नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी-एकादशी हे अनेक घरांत वर्ज्य. त्यामुळे बुधवार, शुक्रवार आणि रविवार महाग. श्रावण, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार यांत भाव नरम. ज्याला वाराचे बंधन नाही त्याने सोमवारी बाजारात जावे, हा सल्ला कोणतीही कोळीण देईल. कारण त्या दिवशीही होडी समुद्रात जाऊन आलेली असते, आणि मासा कोणाच्या उपवासासाठी थांबत नाही.

या दोन पंचांगांखेरीज अंतराचाही हिशेब आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै बंदरात किनाऱ्यावरच लिलाव होतो. तेथे पुकारलेला भाव आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाने दिलेला भाव यांत मोठी तफावत दिसली की मधला दलाल गबर झाला असे वाटते. कधी ते खरेही असते. परंतु बर्फ, हमाली, गाडीभाडे, अडत, मासा साफ करताना वजनात येणारी घट आणि संध्याकाळी न विकलेला माल, हे सगळे त्याच तफावतीत असते. मुंबईच्या ससून गोदीत, १८७५ साली बांधलेल्या त्या धक्क्यावर, पहाटे माल घेणारी कोळीण दुपारपर्यंत तो विकू शकली नाही, तर तिचा नफा बर्फाबरोबर वितळत असतो. दिल्ली, इंदूर किंवा नागपूर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पापलेटचा भाव ऐकून गाव आठवते. तेथे रोहू-कटल्यासारखा गोड्या पाण्यातला जवळचा मासा अधिक ताजा आणि अधिक स्वस्त मिळतो. कोळंबीची गोष्ट मात्र आता निराळी आहे. २००९ पासून भारतात वेनामी जातीच्या कोळंबीची शेती सुरू झाली, आणि आंध्रच्या तळ्यांतील ही कोळंबी आता बाराही महिने देशभर जाते.

येथवर भाव हा ऋतूचा निरोप्या आहे असे दिसते. परंतु एका बाबतीत तो फसवतो. धान्य महागले की शेतकरी अधिक पेरतो, आणि पुढच्या हंगामात भाव उतरतो. समुद्रात कोणी पेरीत नाही. पापलेट दुर्मीळ झाले की त्याचा भाव चढतो. भाव चढला की थोडी मासळी मिळाली तरी होडीचा खर्च सुटतो. आणि म्हणून होड्या त्याच पापलेटच्या मागे अधिक दूर, अधिक दिवस जातात. भाव चढल्याने माशाला विसावा मिळत नाही, उलट पाठलाग वाढतो. मोठे मासे सरले की जाळ्याचे आस बारीक होतात, आणि तळहाताएवढी पिल्ले ओट्यावर येतात. ती स्वस्त असतात, म्हणून विकली जातात. जे पिल्लू आज स्वस्त म्हणून घेतले, ते जगते तर पुढे मोठे होऊन अंडी घालते. आजचा स्वस्त वाटा हाच उद्याचा महाग भाव असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केले. त्याच वर्षी चोपन्न जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारही ठरवून देण्यात आले. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरही नव्हे. एवढी लहानशी मर्यादादेखील केवळ बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या बळावर पाळली जाणार नाही. ओट्यापुढे उभे राहिलेल्या गिऱ्हाइकाचा नकार त्याच्या शिक्क्याहून प्रभावी आहे. कारण जो माल खपत नाही, त्यासाठी कोणी जाळे टाकीत नाही.

यासाठी फार मोठा त्याग करावा लागत नाही. कल्ले लाल आहेत, डोळा स्वच्छ आहे, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते, शिंपला घट्ट मिटलेला आहे, एवढे पाहणे बहुतेकांना ठाऊक असते. त्यात आणखी दोन प्रश्न मिळवावेत: हा महिना या माशाचा आहे काय, आणि हा मासा पुरा वाढलेला आहे काय? कोकणातल्या घरांत पूर्वी आगोटीची खरेदी होई. मे महिन्यात सुके बोंबील, सुकट आणि जवळा डब्यांत भरून ठेवीत, आणि पावसाळाभर ओल्या मासळीची आठवण काढीत तेच चवीने खात. त्या घरांना बंदीचा कायदा शिकवावा लागला नाही. होडी छपराखाली असताना जिभेनेही थोडे थांबावे, हे त्यांना घरातल्या डब्यांनीच शिकवले होते. आणि नारळी पौर्णिमेनंतरची पहिली कोळंबी घरी आली म्हणजे तिची चव दोन महिन्यांच्या त्या थांबण्यामुळेच अधिक लागत असे.